हेल्पलाइनवर आई

आमच्या ऑफिसातल्या एका डेव्हलपरची नोकरी एका फोन नंबरावरून जायची वेळ आली होती, आणि तो नंबर माझ्या आईचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे इथे हसतात. हसून घ्या. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. त्यानंतर जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वेबसाइटची डिझाइनर आहे. पान कसं दिसेल, बटण कुठे असेल, अक्षर केवढं असेल, हे सगळं मी चित्रासारखं काढून देते. ते चित्र बघून डेव्हलपर कोड लिहितो आणि मग ती साइट लोकांच्या फोनवर चालू होते. एकाने घराचा नकाशा काढायचा आणि दुसऱ्याने भिंती बांधायच्या, तसलाच प्रकार. पण घर बांधताना नकाशावाला आणि गवंडी कधीतरी एका जागी उभे राहून दोन शब्द बोलतात, वेळ पडली तर भांडतात. आमच्याकडे तेवढीही सोय नव्हती.

ऑफिस मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात, त्यामुळे जिन्याला कायम खळीचा वास. वर आलं की पहिली काचेची खोली आम्हा डिझाइनरांची. कुंड्या, रंगीत खुर्च्या, चांगला एसी. क्लायंट आला की सर त्याला इथेच आणून बसवत आणि आमच्याकडे हात करून म्हणत, "ही आमची क्रिएटिव्ह टीम." डेव्हलपर आतल्या हॉलमध्ये. तिथल्या खिडक्या कपाटांनी बंद झालेल्या, त्यामुळे दिवसाही ट्यूबलाइट. त्या हॉलचं दार क्लायंटसाठी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. चहासुद्धा आम्हाला कपात यायचा आणि त्यांना कागदी ग्लासात. सात वर्षं मी हे बघत होते आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. कप माझ्या हातात होता ना.

तो डेव्हलपर माझ्याच वयाचा, चाळिशीला टेकलेला. दिंडोशीला राहणारा. वडील मराठवाड्यातून येऊन महापालिकेत लागलेले. हा आधी मालाडला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा आणि उशिरा या धंद्यात आला. काम चोख. बोलणं मात्र सरळ तोंडावर. साइट तयार झाली की आपल्या आईचा जुना, काच तडकलेला फोन घेऊन यायचा आणि त्यावर अंगठ्याने चालवून बघायचा. एकदा असाच तो फोन घेऊन आमच्या काचेच्या खोलीत आला आणि माझ्या पुढ्यात धरून म्हणाला, "हे फिकट राखाडी अक्षर बाहेर उन्हात उभी राहून वाचून दाखव ना जरा."

सगळ्यांसमोर म्हणाला. मला ते झोंबलं. मी मॅनेजर मॅडमकडे गेले आणि म्हटलं, डिझाइन पास झाल्यावर असं कुणीही येऊन काहीही बोलायला लागलं तर आम्ही काम कसं करायचं? मॅडमना नियम करायला आवडायचे. त्यांनी लगेच नियम केला. डिझाइन पास झालं की ते गोठलं. त्यानंतर डेव्हलपरने डिझाइनरच्या खोलीत यायचं नाही. काही शंका असेल तर डिझाइनच्या फाइलवर कमेंट टाकायची. डिझाइनर ती बघेल, उत्तर देईल आणि टिक करून बंद करेल. तोंडी काही नाही, सगळं लेखी. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ती भिंत बांधायला पहिली वीट मी दिली होती, हे मी नंतर सोयिस्करपणे विसरून गेले.

मॅडमनी त्यावर आणखी एक मजला चढवला. दर शुक्रवारी अकरा वाजता आमच्या काचेच्या खोलीत सगळ्या ऑफिसची मीटिंग असायची. तिथे मोठ्या टीव्हीवर यादी लागायची, कुठल्या डिझाइनरच्या किती कमेंट अजून उघड्या आहेत त्याची. उघड्या कमेंटचा आकडा लाल रंगात. सर त्या लाल आकड्याकडे बघून भुवया उंचावायचे. मग काय, आम्ही सगळ्या डिझाइनर शुक्रवारी पावणेअकराला फाइली उघडायचो आणि सटासट टिक मारत सुटायचो. ज्यांची उत्तरं दिली त्यांवर टिक, ज्यांची नंतर देऊ म्हटलं त्यांवरही टिक. अकरा वाजता माझ्या नावापुढे शून्य. सर म्हणायचे, "झकास." शाळेत गृहपाठाच्या वहीत बाई न वाचता सही करायच्या तेव्हा आपण किती चिडायचो, आणि इथे मी तेच करून शाबासकी घेत होते.

तर अशात मुलुंडच्या एका ट्रस्टचं काम आलं. रुग्णांना लागणारं सामान हे लोक अनामत घेऊन घरी वापरायला देतात. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. मुलुंड, घाटकोपर आणि आणखी एकदोन ठिकाणी त्यांची केंद्रं. सगळे निवृत्त लोक, आपापला वेळ देणारे. आमच्याकडे यायचे ते ट्रस्टचे चिटणीस काका. फाइल काखेत धरून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर दिलेल्या वेळेवर. त्यांना साइटवर एकच गोष्ट ठसठशीत हवी होती, फोन करायचं बटण. "आमच्याकडे येणारा माणूस घाबरलेला असतो हो," ते म्हणाले होते. "त्याला वाचायला लावू नका. त्याला फोन लावून द्या."

पण फोन कुठल्या केंद्रावर जावा, यावर त्यांच्या कमिटीचं एकमत होईना. ट्रस्टकडून सगळा मजकूर आला, पण नंबराच्या जागी लिहून आलं, 'नंतर कळवतो'. आणि मला तर डिझाइन दाखवायचं होतं. सरांचा दंडक होता की डिझाइनमध्ये काहीही खोटं दिसता कामा नये. नावाच्या जागी नाव, पत्त्याच्या जागी पत्ता. सगळे शून्य असलेला नंबर टाकला की क्लायंटचा मूड जातो म्हणे. मला पाठ असलेला नंबर जगात एकच आहे, आईचा. मी तो टाकला. हिरव्या बटणावर पांढऱ्या आकड्यांत तो फार छान दिसत होता, हे आठवून आजही माझे कान गरम होतात.

डिझाइन पास झालं. गोठलं. कोड लिहून झाला. टेस्टिंगवाल्याने बटण दाबल्यावर फोन लागतो का एवढं बघितलं. लागत होता. त्याचं काम झालं. मॅडमनी बघितलं, सरांनी बघितलं, काकांनीही बघितलं. सहा जणांच्या नजरेखालून तो नंबर गेला. ट्रस्टच्या वर्धापनदिनाला मुलुंडच्या एका हॉलमध्ये पडद्यावर साइट उघडून दाखवली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. तो बुधवार होता.

गुरुवारी आईचे मला तीन मिस्ड कॉल. मी मीटिंगमध्ये होते. 'बिझी आहे, नंतर करते' असा मेसेज टाकला आणि नंतर केला नाही. शुक्रवारी दोन कॉल. पुन्हा तोच मेसेज. मी बोरिवलीला राहते, आई मुलुंडला एकटी. आम्ही दोघी रविवारी भेटतो, तेव्हा मला वाटलं, काय असेल ते रविवारी बोलेल.

रविवारी गेले तर आई टेबलाशी चष्मा लावून बसलेली. समोर फोन, कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"अगो, माझो नंबर खय दिलंस तू?" ती म्हणाली. आईला राग आला की मुंबईतली पन्नास वर्षं गळून पडतात आणि ती सरळ मालवणीत उतरते. "चार दिस लोका माझ्याकडे व्हीलचेर मागतत. मी काय हास्पिटल घातलंय?"

मला हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. आईने मला हाताने गप्प केलं आणि अगदी शुद्ध, जपून बोलण्याच्या सुरात म्हणाली, "हां, बोला. कुणासाठी पाहिजे? वडिलांसाठी? पडले का? बरं. आता लिहून घ्या, मी तुम्हाला बरोबर नंबर देते." आणि तिने कॅलेंडरवरून बघून एक नंबर सांगितला.

तिने काय केलं होतं ते ऐका. गुरुवारी पहिले पाच-सहा फोन तिने राँग नंबर म्हणून कापले. मग एका बाईने तिला सांगितलं की हा नंबर कुठल्या ट्रस्टचा आहे. संध्याकाळी आई चपला घालून भाजी मार्केटमागच्या ट्रस्टच्या केंद्रावर चालत गेली आणि बाहेरच्या पाटीवरचा नंबर उतरवून आणला. तिथे बसलेल्या माणसाला तिने सांगितलंही की तुमच्या साइटवर माझा नंबर आहे. तो म्हणाला, "ते वेबसाइटवाल्यांचं काम, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मग शुक्रवार, शनिवार, रविवार ती बसून फोन घेत राहिली. दुपारची झोप नाही, देवळात जाणं नाही. फोन बंद करून टाकायचास की, असं मी म्हटलं.

"पयल्या दिवशी घाटकोपरचा एक माणूस होता," ती म्हणाली. "बायको अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा. हवेची गादी पाहिजे होती त्याला. तीनदा फोन केला त्याने, आणि तिसऱ्यांदा मी त्याला झापलं. खऱ्या नंबराचं कळल्यावर मीच त्याला उलटा फोन लावला, तर म्हणाला, आता नको आहे. थँक्यू म्हणाला आणि ठेवला. आता नको म्हणजे काय गं? दुसरीकडे मिळाली, की..."

माझं हसू केव्हाच गेलं होतं.

मी गॅलरीत जाऊन त्या डेव्हलपरला फोन लावला आणि तो उचलताच सुरू झाले. "डोकं वापरायचं नाही का रे? डिझाइनमधला नंबर डमी असतो हे तुला कळत नाही? दिसलं ते उचललं आणि छापलं? लोकांची वाट लागलीय इथे!" बरंच काही बोलले. आईला तोंड देता येत नव्हतं, ते सगळं त्याच्यावर काढलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "बरोबर नंबर काय आहे तो सांग." मी कॅलेंडरवरून वाचून दाखवला. चहा उकळायच्या आत साइटवरचा नंबर बदललेला होता. एवढंच काम होतं ते.

सोमवारी ऑफिसात खापर फोडायला डोकं तयारच होतं. काकांचा फोन सरांना आला होता, कारण केंद्रावरच्या माणसाने शेवटी त्यांच्या कानावर घातलं होतं. सरांनी त्यांना सांगून टाकलं की आमच्या डेव्हलपरने निष्काळजीपणा केलाय आणि आम्ही ॲक्शन घेतोय. मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला की डमी मजकूर तसाच लाइव्ह केल्याबद्दल संबंधिताला शुक्रवारी पत्र देण्यात येईल. संबंधित! माणूस पंधरा फुटांवर बसलाय, नाव घ्यायची सोय नाही. पत्र म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नव्याने व्हायचं, आणि ते पुढच्याच महिन्यात संपत होतं. बायकोची शाळेतली नोकरी नुकतीच सुटलेली. घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

आणि मी? मला वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मनातून मला ते पटतही होतं. चूक त्याची आहे, मी काय करणार, असं मी स्वतःला समजावत होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नंबर तुझ्याकडसून गेलो ना? मग त्याका कित्या काढतत?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. केंद्रावरच्या माणसाने तिला उडवून लावलं होतं, ते जवळपास याच शब्दांत.

बुधवारी काकांचा निरोप आला. साइटच्या लोगोबद्दल त्यांनी काहीतरी सुचवलं होतं, ते आम्ही केलं का? आठवेना, म्हणून मी जुनी फाइल उघडली. टिक केलेल्या कमेंट दिसत नाहीत, त्या वेगळ्या उघडाव्या लागतात. मी त्या उघडल्या आणि लोगोची कमेंट शोधत खाली उतरत गेले. मधेच हिरव्या बटणावर एक कमेंट होती.

'हा नंबर खरा आहे का? ट्रस्टच्या मजकुरात नाही. कुणाचा आहे? लोक यावर फोन करतील. कन्फर्म कर, मगच टाकतो.'

खाली त्याचं नाव. त्याखाली, टिक केल्याची नोंद. माझं नाव. शुक्रवार, सकाळी पावणेअकरा.

मी ती वाचलीच नव्हती. आठवत नाही असं नव्हे, कधी वाचलीच नव्हती. त्या पाच मिनिटांत मी तीसएक टिक मारल्या असतील, त्यातली ही एक. तो थांबला होता. त्याने विचारलं होतं, आणि आम्ही जसं विचार म्हटलं होतं अगदी तसंच, लेखी, ठरलेल्या जागी. टिक पडल्यावर तो धरून चालला की मी बघितलंय. का धरू नये? नियमच तसा होता. आणि मी रविवारी गॅलरीत उभी राहून त्याला डोकं वापर म्हणून सांगत होते! अख्ख्या ऑफिसात डोकं वापरणारा तो एकटा होता. राग कुणाचा करायचा तेच कळेना, इतका सगळा माझ्याच दारात येऊन पडला होता.

गुरुवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वाचलं. "ओह," म्हणाले. चेहऱ्यावर केवढं आश्चर्य! मग उठून केबिनचं दार लावलं.

"हे बघ," ते म्हणाले, "तू प्रामाणिकपणे आलीस, मला आवडलं. पण ट्रस्टला आपण ऑलरेडी सांगितलंय. आता डिझाइनरची चूक म्हटलं तर क्लायंटला काय वाटेल? तू फेस आहेस आपल्या कंपनीचा. तू हे मला दाखवलंस, विषय संपला. त्याला कुठेही काम मिळेल, स्किल्ड आहे तो."

"पण सर, त्याने विचारलं होतं."

"फॉलोअप केला का? एकदा विचारून गप्प बसायचं नसतं ना."

मी बाहेर आले. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी दुपारपर्यंत मी मूग गिळून बसले. कर्जाचे हप्ते, माझं नाव, सात वर्षं, सगळं डोक्यात फिरत होतं. चार वाजता राहवेना, म्हणून नियम मोडून आतल्या हॉलमध्ये गेले. सगळ्यांनी माना वर केल्या. मी त्याला जिन्यात बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं की तुझी कमेंट मी न वाचता टिक केली होती, मला काल कळलं.

तो कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "माहितीये. टिक पडली की मेल येते. तुझं नाव होतं त्यात."

"मग रविवारी मी एवढी बोलत होते तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"तेव्हा नंबर बदलायचा होता. तुझी आई फोन घेत बसलेली, तू म्हणालीस ना. आधी ते बंद करायचं, की तुझ्याशी भांडायचं?"

"अरे मग सरांना तरी दाखव ती मेल! अजून वेळ गेलेली नाही."

तो हसला. चिडून हसतात तसा नाही, थकलेला माणूस हसतो तसा. "दाखवली ना. सोमवारी सकाळीच. प्रिंट काढून दिली. म्हणाले, आता फाटे फोडू नकोस."

सोमवारी. म्हणजे सरांना सोमवारपासून माहीत होतं. ट्रस्टला सांगण्याआधी की नंतर, ते मला माहीत नाही, आणि आता ते शोधायची गरजही वाटत नाही. गुरुवारी माझ्यासमोर जो 'ओह' झाला तो नाटकातला होता. माणसाने लिहून विचारलं, कुणी वाचलं नाही. माणसाने कागद नेऊन हातात दिला, तो कुणाला दिसला नाही. आणि वर त्यालाच विचारतात, फॉलोअप केला का! कुणाकडे करायचा होता फॉलोअप? पंख्याकडे? माझं डोकं असं काही फिरलं की मी तिथेच जिन्यात मोठ्याने शिवी दिली. खालचा खोकीवाला वर बघायला लागला.

"तू कशाला तापतेस," तो म्हणाला. "माझं झालंय तापून."

शुक्रवारी अकरा वाजता मीटिंग होती. त्या दिवशी पावणेअकराला मी एकही टिक मारली नाही. टीव्हीवर माझ्या नावापुढे लाल सत्तावीस. सरांच्या भुवया वर गेल्या. मॅडम काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं की मला आधी एक दाखवायचंय, आणि माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला. ती फाइल उघडली, टिक केलेल्या कमेंट उघडल्या आणि त्याची कमेंट पडद्यावर मोठी करून मोठ्याने वाचली. मग खालची नोंदही वाचली, नावासकट. माझ्या स्वतःच्या नावासकट.

"ही मी न वाचता बंद केली," मी म्हटलं. "अशा मी दर शुक्रवारी करते. सगळ्याच करतो, हा आकडा शून्य दिसावा म्हणून. नंबर मी टाकला होता, तो माझ्या आईचा आहे. यांनी विचारलं होतं. पत्र द्यायचंच असेल तर मला द्या. आणि हे सगळं सरांना सोमवारपासून माहीत आहे."

मॅडम आपल्या वहीत बघत होत्या. मला वाटलं, आता सर ओरडतील. ओरडू देत. मी तयारीनेच आले होते. निदान एकदा तरी या काचेच्या खोलीत कुणीतरी कुणावर खरं बोलल्याबद्दल ओरडेल.

सरांनी टीव्हीकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांचा चेहरा मोकळा झाला. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते म्हणाले, "गाइज, मला हेच पाहिजे. याला म्हणतात ओनरशिप. सिनियर डिझाइनर उभी राहते आणि स्वतःची चूक मान्य करते. चूक काय, माणूस आहे, होते. प्रोसेसमध्ये गॅप होता, आपण तो भरू. पत्र-बित्र काही नाही, कुणालाच नाही. विषय बंद." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत ती चूक त्याची होती, तोवर ती निष्काळजीपणा होती, तिच्यावर ॲक्शन होती, तिला पत्र होतं. ती माझी निघाली आणि दोन मिनिटांत ती माणसाकडून होणारी गोष्ट झाली. तीच चूक, तोच नंबर, आणि घाटकोपरचा तोच माणूस. माझं कौतुक होत होतं! मी खुर्चीत बसूही शकले नाही, कारण सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. डिझाइनर वाजवत होत्या, मॅडम वाजवत होत्या, टेस्टिंगवाला वाजवत होता.

शेवटच्या रांगेत तो बसला होता. सरांची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली, तेव्हा त्यानेही हात वर घेतले आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तीन-चार वेळा. मग लॅपटॉप उघडून खाली बघायला लागला. त्याची नोकरी राहिली. त्याला सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा तेव्हा म्हटलं नाही, टाळ्या चालू होत्या.